बारशाचं बोलावणं

ब्राउनश्वाइग, पश्चिम जर्मनी,
ऑक्टोबर १९६१

प्रिय स्नेहू,

हानोफरहून लंडन विमानानं जेमतेम दोन तास, पुण्याहून साताऱ्याला जायला याहून जास्त वेळ लागतो, मग ताई, तुझं घोडं अडलंय कुठं, असं विचारलंयस. वाचून आधी हसले, मग खूप रडले. अगं, अंतर मला पाठ आहे. यांनीच नकाशावर पट्टी ठेवून काढून दाखवलं, सरळ रेषेत सातशे किलोमीटर. इंजिनिअर माणूस, समोरून वारा असला तर किती वेळ वाढेल तेही सांगितलं. फक्त जायचं कधी, तेवढं सांगितलं नाही.

आई साताऱ्यात, तू सातव्या महिन्यात परमुलखात, आणि थोरली बहीण इतक्या जवळ असून येत नाही, हे माझ्या जिवाला लागतं. थंडी बाधते, यांचा प्रबंध अडलाय, अशा सबबी आजवर लिहिल्या, कारण माझी पत्रं हे वाचूनच पाकीट चिकटवतात. हे मात्र पाव आणायला जाताना गुपचूप टाकते आहे.

खरं म्हणजे मला वेगळा पासपोर्टच नाही. मुंबईहून निघताना यांच्याच पासपोर्टावर पत्नी म्हणून माझा फोटो चिकटवला. तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. हे बरोबर नसले तर मला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. वेगळा काढू या म्हटलं, तर तुला एकटीला कुठं जायचंय, म्हणाले. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. इन्स्टिट्यूटला जाताना पासपोर्ट कोटाच्या खिशात घालतात, एवढंच. घरमालकिणीशी जिन्यात दोन शब्द बोलले, तरी संध्याकाळी ते सांगावे लागतात. मी इथे गुदमरते आहे, स्नेहू.

परवा धीर करून पुन्हा विषय काढला, तेव्हा नस सापडली. मला कुणी बोलावलंय, म्हणाले. थोरले जावई ना! तुझ्या लग्नात श्रीरंगरावांच्या काकांना रेशमी उपरणं आणि यांना सुती, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. आणि तुझ्या प्रत्येक पत्रात आपलं 'ताई, तू ये'.

तेव्हा बारशाचं निमंत्रण यांच्या नावानं लिही. भावोजी, तुम्ही आल्याखेरीज बाळाला पाळण्यात घालणार नाही, असं लिही. श्रीरंगरावांच्याही चार ओळी असू देत. मानानं बोलावलं की हे येतील, आणि यांच्याबरोबर मला येता येईल. पण श्रीरंगरावांना आधी सगळं सांग, कारण परत जाताना हे एकटेच जातील. मी तुमच्याकडे राहीन, तिथल्या आपल्या वकिलातीत स्वतःचा पासपोर्ट मागेन, पडेल ते काम करीन. तुम्हा दोघांना हे झेपणार असेल तरच बोलावणं पाठव. नसेल तर मी रागावणार नाही. मला मात्र उत्तर लिहू नकोस. यांच्या नावाचं पाकीट आलं, की तुझा होकार समजेन.

तुला जपून राहा सांगणारी,
तुझीच,
सुलूताई