फोन काढून परत लावा

चिरंजीव भाच्यास,

मामाचे आशीर्वाद. ते रागाच्या भरात दिले आहेत, पण त्याने आशीर्वाद नासत नाहीत असं मामी म्हणते. तुझी तब्येत ठणठणीत असणारच. एक्केचाळीस फोन न उचलता बसायला माणूस धडधाकट लागतो. इकडे मामीचा गुडघा जागेवर आहे, माझं डोकं नाही. पत्र हाताने लिहितोय, कारण माझा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलाय आणि त्याला हात लावायची मला मामीची बंदी आहे.

महिन्यापूर्वी तू आलास, आमचा बरा चाललेला मोडेम जुनाट म्हणून भंगारात काढलास, माझ्या मोबाइललाच मोडेम केलंस आणि जाताना कॉम्प्युटरच्या कपाळावर चिठ्ठी डकवलीस: "नेट बंद पडलं, की फोन काढून परत लावा." मंगळवारी नेट बंद पडलं. मधमाश्यांच्या पुस्तकाची चाळीस पानं मी तपासून तयार ठेवली होती आणि ती शनिवारी दुपारी बाराच्या आत छापखान्यात पोचायला हवी होती. उशीर झाला तर यापुढे मुद्रितं मशीनकडून तपासून घेऊ, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. बत्तीस वर्षं मी ज्या वेलांट्या पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या, त्या मशीनच्या हवाली (त्याच मशीनने मागे "राणीमाशी"चं "राणी माझी" केलं होतं).

तेव्हा मी तुझ्या आज्ञेबरहुकूम फोन काढला आणि लावला. कोणाला लावायचा हे तू लिहिलं नव्हतंस, पण ज्याने हा उद्योग करून ठेवला त्यालाच लावणार ना? तू उचलला नाहीस. चिठ्ठीत "परत लावा" होतं, म्हणून परत लावला. केबल वीतभर, ती कानापर्यंत येत नाही, म्हणून दर वेळी उपटून लावला. बुधवारी नऊ वेळा. गुरुवारी तुझा निरोप आला: "मीटिंगमध्ये आहे. नेट गेलंय का? फोन काढून परत लावा." मी परत लावला. तू कापलास. स्वतःच लावा म्हणायचं आणि लावला की कापायचा, ही कुठली रीत?

शुक्रवारी कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने फोन केबलला खोचला, सेटिंगमध्ये टिथरिंग नावाचं काहीतरी चालू केलं आणि नेट आलं. केबल काढली की ते आपोआप बंद होतं, असंही तो जाता जाता म्हणाला (हे चिठ्ठीत लिहायला तुझी शाई संपली होती का?). तो जिना उतरतो न उतरतो तोच नेट अडखळलं. मी तत्परतेने केबल उपटली आणि तुला फोन लावला. जे नुसतं अडखळलं होतं, ते आडवंच झालं.

शनिवारी साडेअकराला मामी चष्मा लावून चिठ्ठीसमोर उभी राहिली. म्हणाली, "अहो, फोन केबलला लावा म्हणतोय तो. तुम्ही त्यालाच काय लावत बसलाय?" मी फोन केबलला खोचला, सेटिंगमधलं ते टिथरिंग चालू केलं आणि पानं अकरा बावन्नला गेली.

काम वाचलं, पण माझा संताप ओसरत नाही. मोठमोठ्या लेखकांच्या वाक्यांशेजारी "कोणाला?", "कशाला?" असे प्रश्न लिहून मी ती परत पाठवतो, आणि हे मोघम वाक्य महिनाभर माझ्याच नाकासमोर चिकटलेलं होतं. याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. छापखान्याने पुढचं पुस्तक पाठवलंय. विषय: स्पष्ट कसं लिहावं. तुला एक प्रत मिळेल.

ता. क. २. मामीच्या आग्रहाखातर खरं सांगतो. नेटसाठी केलेले फोन सत्तावीसच होते. उरलेले चौदा पानं गेल्यानंतरचे. तू बरा आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.

ता. क. ३. तुझी चिठ्ठी सोबत परत पाठवतोय. लाल शाईने तीनच दुरुस्त्या केल्या आहेत: दोन शब्द घातले आणि शेवटचा काना उडवला. आता ती अशी वाचावी: "नेट बंद पडलं, की खिशातून फोन काढून मामाला परत लाव." नेट बंद पडायची वाट पाहिली नाहीस तरी चालेल.