पोच आधी, मशीन नंतर

प्रिय पोपटा,

तब्येतीचं विचारू नकोस, ठणठणीत आहे. माझं अक्षर म्हणजे ओल्या फरशीवर कोंबडी नाचलेली, तेव्हा सावकाश वाच. तुला सध्या दुसरं काम नसणारच. पत्र तुझा टेम्पोवाला दोस्त आणून देईल. तू कुठे आहेस हे मी त्याला विचारलं नाही. तो आपणहून सांगायला लागला तर मी कानांत बोटं घातली. का, ते पुढे येईल.

लाँड्री चालू आहे. मी अजून खिडकीपाशी बसून लोकांची बटणं लावते, उसवलेलं शिवते. जुनं मशीन अडलं की मालकीण त्याच्या पोटात लाथ घालते, मग ते पुन्हा गरगरायला लागतं. हॉटेलच्या चादरी हल्ली ती हातानेच धुते. साबणाने बोटं इतकी सोलली आहेत की इस्त्रीची मूठ फडकं गुंडाळून धरावी लागते. तुझं नाव ती काढत नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन मीही जोडल्या असत्या. उलट परवा चहा देताना म्हणाली, आजी, यात तुमचा काही दोष नाही. मी म्हटलं, माझा आहे असं म्हणतंय कोण? आधी साखर घाल यात.

लहानपणापासून तुझी जीभ अशी चालायची की नावच पोपट पडलं. बँकेने तुला कर्जाची गिऱ्हाइकं आणायला एजंट म्हणून ठेवलं तेव्हा वाटलं, चला, याच्या बडबडीला कोणीतरी पैसे देतंय. गळ्यात बँकेचा पट्टा अडकवून तू लाँड्रीत आलास आणि नव्या मशीनचं कर्ज मालकिणीच्या गळी उतरवलंस. मशीनचं दुकानही तूच सुचवलंस. ते दुकान म्हणजे एक पाटी आणि बँकेतलं एक खातं, आणि दोन्ही तुझीच, हे तेव्हा कोणाला ठाऊक? बँकेने कर्जाचे पैसे त्या खात्यात टाकले, ते घेऊन तू पसार झालास. मशीन आलं नाही. हप्त्याची नोटीस मात्र न चुकता येते.

आता बँक हात वर करते. म्हणते, हा आमचा माणूस नव्हेच, बाईंनीच आणलेला मध्यस्थ. शिवाय मशीन मिळालं अशी पोच बाईंनी सही करून दिली आहे, तेव्हा कर्ज फेडा, नाहीतर लाँड्रीला टाळं. सही आहे, खोटं कशाला बोलू? तुमच्या धंद्याची रीतच उफराटी. पोच दाखवल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही आणि पैसे हातात पडल्याशिवाय दुकानदार मशीन सोडत नाही. म्हणून गिऱ्हाईक न आलेल्या मशीनची पोच देऊन मोकळं होतं.

मालकिणीची वकिलीण वयाने पोरगी आहे, पण बोलते सरळ. मला विचारलं, आजी, लाँड्रीने कपडे गोळा करायला माणूस पाठवला आणि त्याने वाटेत गिऱ्हाइकाचा कोट विकून खाल्ला, तर गिऱ्हाईक कोणाला धरील? मी म्हटलं, लाँड्रीला धरील आणि लाँड्री त्या माणसाला सोलून काढील. म्हणाली, झालं तर, हाच आपला खटला. फक्त तो माणूस बँकेनेच पाठवला होता आणि सही बँकेच्याच सांगण्यावरून झाली, हे ज्याने कानांनी ऐकलं त्याने येऊन सांगायला हवं.

ऐकलं मी. तुलाही आठवत असेल. तुझ्याबरोबर बँकेचे साहेब आले होते, ते टकलावर चार केस आडवे फिरवणारे. मालकीण सही करायला कचरत होती. साहेबांच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते मला बघवेना, म्हणून त्यांना उभं करून मी ते लावत होते. माझ्या डोक्यावरून ते तिला म्हणाले, बिनधास्त करा सही, हा पोरगा आमचाच आहे, याचा शब्द तो बँकेचा शब्द. बोलताना हात हलवत होते, मी त्यांना दटावलंही, सुई टोचेल म्हणून.

गेल्या आठवड्यात तेच साहेब घरी आले होते. खुर्चीच्या काठावर बसले, गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाले, आजी, या वयात कुठलं सगळं आठवायचं? तुम्हाला आठवलं नाही तर हा बाईंचा आणि तुमच्या नातवाचा आपसातला मामला, बँक त्याच्या वाटेला जाणार नाही. पण तो बँकेचा माणूस ठरला, तर बँकेला पोलिसांत जावंच लागेल. इतकं गोड बोलले की तू कोणाच्या हाताखाली तयार झालास ते मला कळलं. जाताना त्यांच्या कोटाकडे बघितलं. माझं बटण जागच्या जागी आहे.

तर सोमवारी मी कोर्टात उभी राहणार आहे आणि मला सगळं आठवणार आहे. हे तुला पोलिसांकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हा कागद खराब केला. तू कुठे आहेस असं तिथे विचारलं तर माहीत नाही म्हणेन, आणि ते खरं असेल. तुझ्यासाठी एवढंच करण्यासारखं होतं, ते केलं. उरलेले पैसे घेऊन आपल्या पायांनी आलास तर शिक्षेत फरक पडतो, असं वकिलीण म्हणते. नाही आलास तरी मी बोलणार. तुझा पांढरा शर्ट कपाटात सापडला. आज ना उद्या तुलाही त्या कोर्टात उभं राहायचंय, म्हणून धुऊन ठेवलाय. इस्त्री मालकिणीने केली. कोणाचा ते तिने ओळखलं, तरी बाह्यांची घडी नीट घातली. कॉलरचं बटण नव्हतं, ते मी लावलंय. ओढून बघितलं, निघायचं नाही.

तुझीच,
सगळं आठवणारी आजी