कुंदाची शपथ

१२ जानेवारी १९७१, मंगळ. शेवगाव
बाजारतळाच्या खांबावर होतो. हात असे कापले की पक्कड सुटली. खाली मेथीवाली म्हातारी बसलेली, तिच्यापासून वीतभरावर पडली. तिने वर बघून आईबापाचा उद्धार केला. बरं वाटलं, शिव्या देतेय म्हणजे धड आहे. गंमत अशी की सकाळपासून घेतली नव्हती, म्हणूनच कापले. संध्याकाळी घेतली, हात थांबले. साहेब म्हणाले, ‘पुन्हा असं झालं तर वायरमनकी विसरा.’
‘घेतली’ असं लिहायची लाज वाटते. यापुढे फुली मारीन. ×

१४ जाने.
संक्रांत. कुंदाने तीळगूळ दिला. मनगटं अजून काडीसारखी. दसऱ्याला तिच्याच डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, सोडली म्हणून. सोळाव्या दिवशी मोडली. त्याच आठवड्यात पोरीला टायफॉइड. डॉक्टर म्हणतात विहिरीचं पाणी. असेल. पण आठ वर्षांची पोर पाण्याने आजारी पडली की बापाने, ते मला कोण सांगणार? सुमन बायको असून एका शब्दाने बोलत नाही. त्यापेक्षा भांडली असती तर...
डॉ.ना हात दाखवले. म्हणाले, केडगावला दर रविवारी काही जण बसतात, पिणं सोडलेले. पुणे रोडला जगताप, मिलिटरीत ड्रायव्हर होता, आता सायकलचं दुकान. औषध नाही, बोलायचं नुसतं. बोलून काय होतंय? शपथ घ्यायला लावणार, दुसरं काय! ×

१७ जाने., रवि.
गेलो. सुमनला सांगितलं, ऑफिसचं काम. दुकानामागच्या खोलीबाहेर पाच जोड चपला. मीही काढल्या. आत डोकावलो तर खंडोबाचा फोटो, पुढे नारळ. त्या नारळावर हात ठेवायला लावतील, आणि मोडली की पुन्हा कुंदा... चपला पायात घातल्या न् निघालो. नगर स्टँडच्या मागे ×. परतताना गाडीत ओकलो. नालायक आहे मी.

२० जाने.
कुंदा दोनदा शिंकली. सारखा तिच्या कपाळाला हात लावत होतो. शेवटी वैतागली, ‘अण्णा, मला पाढे म्हणू द्या की!’
× (लहान). फुलीत लहानमोठं कसलं रे?

२४ जाने., रवि.
परत केडगाव. जगताप दारातच उभा. ‘मागल्या आइतवारी तुमीच आल्ता न्हवं? चपला काढल्या, परत घातल्या. म्या बगितलं.’ दंड धरून आत नेलं. विचारलं, शपथ कुणाची घ्यायची असते? तर म्हणे, ‘शपथ न्हाई हितं. नारळ माज्या मंडळीच्या नवसाचा हाय, त्याला हात लावू नका, ती मला सोडायची न्हाई.’
मग एक म्हातारा शिंपी बोलला. ‘म्या पोरांची घेतली, मायची घेतली, देवाची घेतली. समद्यांची घिऊन झाली. कुनी उरलं न्हाई, तवा हितं आलो.’ कोणी हसलं नाही.
कुंदाचं सांगून टाकलं. रडलो. शिंपी म्हणाला, ‘ताप कशानं आला त्ये मला न्हाई कळत. पर पोरीला ह्यात घालू नका. आज प्यायची न्हाई, येवढंच धरा. उद्याचं उद्या.’
शपथेत धरायला दोर तरी असतो. इथे काहीच नाही. परतीच्या गाडीत जास्तच घाबरलो.

२८ जाने.
चार दिवस फुली नाही. घाम, कापरं, उलट्या. डॉ.च्या गोळ्या चालू. साहेबांनी खांबावर न पाठवता मीटर तपासायला धाडलं. सुमनला सगळं सांगितलं. तिने कुंदाला हाक मारून पुढ्यात उभं केलं. ‘मग ठिवा डोक्यावर हात.’ म्हटलं, शपथ घेणार नाही. ‘म्हंजे प्यायचीच हाय तुमाला.’ कसं समजावू? पिणार नाही म्हणायची हिंमत नाही, पिणार म्हणायची इच्छा नाही. तिने भावाला निरोप धाडला. रविवारी येतोय. शपथ घेतली तर राहील, नाहीतर राहात्याला माहेरी.

३० जाने.
सुमनने ट्रंक भरली. शपथ घेऊन टाकावी का? एक वाक्य तर आहे. उद्या सकाळी घेतली की दोघी घरात. मग सोळावा दिवस येईल. मी मला ओळखतो.

३१ जाने., रवि. सकाळ, स्टँडवर
मेहुणा आला. स्टँडवर शेवटचं विचारलं, ‘दाजी, घेता का न्हाई?’ तेवढ्यात कुंदा पुढे आली, माझा हात धरला आणि स्वतःच आपल्या डोक्यावर ठेवला. ‘घ्या ना, अण्णा. मला न्हाई काई व्हायाचं.’
हात हिसडला. जोरात. ती पडता पडता राहिली. सगळ्या स्टँडने पाहिलं. सुमनने पाहिलं. मग गाडी लागली. ट्रंक मेहुण्याने वर चढवली. कुंदाने खिडकीतून हात केला नाही.
नगरची गाडी लागलीय. केडगावची बैठक अकराला. आणि पलीकडच्या बोळात हातभट्टीवाल्या बाईने दार उघडलंय, इथून दिसतं. कंडक्टर ओरडतोय. मी अजून बाकावरच.