नळीत घाबरण्यासारखं काही नाही

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (या पत्रात न घाबरता लिहिलेलं वाक्य बहुधा एवढंच.) आपली प्रकृती उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे, पण मला ते लिहवत नाही. मागच्या रविवारी जेवताना मी पाहिलं, तुम्ही दर घासाला पाणी पिता, आणि मध्येच उठून खिडकीशी जाता, बाहेर बघण्यासारखं काही नसताना बघत राहता. काकू म्हणाली, "घास अडकतो त्यांचा. सदरेही सैल झालेत." तुम्ही म्हणालात, "वय झालं की घाससुद्धा दमानं जातो, त्यात काय!" फोनवर विषय काढावा तर 'गिळणं' म्हटल्याबरोबर तुमच्याकडची रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून हा उद्योग.

इकडे मी ठीक आहे, म्हणजे तसं आता तपासून सिद्ध झालं आहे. त्याचं असं झालं, की आमच्या रुग्णालयातल्या लॅबमध्ये धडधाकट माणसाची अन्ननलिका कशी चालते आणि आजारी माणसाची कुठे अडते, याचा अभ्यास चालतो. आजारी माणसं आपणहून येतात. धडधाकट कोणी मिळत नाही, कारण धडधाकट माणूस नाकातून नळी कशाला घालून घेईल? शेवटी सरांनी मलाच विचारलं, "तुला काही त्रास नाही ना?" इथे 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं असतं. पण शाळेत जायच्या आधी मी तुमच्या घड्याळांच्या दुकानात, तुमच्या टेबलाशी बसून शिकले, आणि तुम्ही अर्धवट उत्तर कधी चालवून घेतलं नाहीत. म्हणून मी सांगितलं, की परीक्षेआधी पोटात गोळा येतो, लहानपणी एकदा उचकी दिवसभर थांबली नव्हती, आणि गरम चहा छातीत जाणवतो (गरम असल्यामुळेही असेल). सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "तू आजारी नाहीस. तू नुसती भित्री आहेस. बस खुर्चीत."

नळी बुटाच्या नाडीहून जराशीच जाड असते. हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून लिहिते आहे. मला स्वतःला ती बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढी दिसली. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी नाकात बधिर करणारं औषध लावलं आणि म्हणाल्या, "पाणी पीत राहा, बाकीचं मी बघते." नळी घशाशी आली तेव्हा मला आई, बाबा, तुम्ही आणि न भरलेलं विजेचं बिल, सगळं एकदम आठवलं. डोळ्यांतून धारा लागल्या. मग ती खाली उतरली आणि, खरं सांगते, पुढे दुखलं नाही. पुढे वेगळाच घोळ. एक घोट गिळायचा आणि बाई सांगेपर्यंत पुन्हा गिळायचं नाही. काका, आयुष्यात मला कधी एवढी लाळ सुटली नव्हती! "गिळू नका." गिळलं. "अहो, गिळू नका." 'सॉरी' म्हणायला गेले, त्याआधी गिळलं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही निरोगी आहात, पण आमचं काय होईल ते सांगता येत नाही."

पण नळी आतला दाब मोजते आणि पडद्यावर रंगात दाखवते, तिथे मी माझा घोट पाहिला. रंगाचा एक पट्टा वरून खाली, न तुटता, तिरका उतरत जातो आणि तळाशी पोटाचं दार उघडतं. मी घाबरलेली होते, तरी अन्ननलिका आपलं काम मुकाट करत होती. नंतर बाईंनी एका आजारी गृहस्थांचा पट्टा दाखवला. दार बंदच. घोट वरच अडून उभा. बाई म्हणाल्या, अशांना उपचार मिळाला की बरेचजण पुन्हा नीट जेवतात. मी मान हलवली, पण मला ते गृहस्थ दिसत नव्हते. मला तुमची खिडकी दिसत होती.

बंद पडलेलं घड्याळ न उघडता, 'वय झालं त्याचं' म्हणून तुम्ही कधी गिऱ्हाइकाला परत दिलंत का? मला कशाची भीती वाटते ते मी लिहीत नाही. तुम्हालाही त्याचीच वाटते, म्हणून तर तुम्ही तपासून घ्यायला येत नाही.

काकूला नमस्कार. पत्राचं उत्तर न दिलंत तरी चालेल.

तुमची,
भित्री पुतणी

ता. क. उत्तर नको, कारण बुधवारी सकाळी तुम्हीच इकडे यायचं आहे. वेळ मी तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. हे पत्र तुम्हाला धीर द्यायला लिहायला बसले होते. वाचून पाहिलं तर धीर कुठेच सापडला नाही. पण खोडलं असतं तर ते अर्धवट उत्तर झालं असतं.

ता. क. २. नळीच्या आधी डॉक्टर दुर्बिणीने आत बघतील. हे वर सांगायचं राहिलं. (राहिलं नाही. धीर झाला नाही.)

ता. क. ३. काकूला मी सगळं आधीच सांगितलं आहे. तिने बॅग भरून शेजारच्यांकडे ठेवली आहे, तेव्हा घरात शोधू नका.

ता. क. ४. नळी बाईच घालतील, मला हात लावू देणार नाहीत. मी तुमचा हात धरून बाजूला बसेन. तुम्हाला आधार म्हणून नव्हे. मला काहीतरी धरायला लागेल.