सम महिन्यांचे अंक

मी, उत्तमराव सखाराम निंभोरकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा फोटो काढणे व कॅमेरे दुरुस्त करणे, राहणार अमरावती, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज दिनांक २ नोव्हेंबर १९६६ पासून स्वतःच्या अक्षरात लिहावयास घेत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. वकील सहदेवराव काळमेघ यांनी दिलेल्या नमुन्यात 'मन स्वस्थ व शुद्धीत असताना' असे शब्द आहेत. शुद्धीत आहे. स्वस्थ आहे असे मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितले आहे आणि माझी डार्करूम जिन्यावर आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व मागची विहीर माझी पत्नी पार्बताबाई हिला. तिच्यानंतर मुलगा श्रावण व मुलगी ललिता यांना निम्मे निम्मे. विहिरीजवळचा मोगरा माझ्या वडिलांनी लावलेला आहे. ते फुले विकत. मी फुले विकली नाहीत याचा राग त्यांनी शेवटपर्यंत धरला. मी त्यांचा फोटो काढला तेव्हा ते कॅमेऱ्याकडे न पाहता मोगऱ्याकडे पाहत राहिले. तो फोटो चांगला आला आहे. तो काढून टाकू नये.

२. बँकेत जे असेल ते पार्बताबाईला. पासबुक तिच्याच पेटीत आहे.

३. चौकातला फोटो स्टुडिओ, पडदे, दिवे, खुर्च्या व दुकानातले चालू कॅमेरे श्रावणला. एक अट. मेलेल्या माणसाच्या फोटोत ब्रशाने उघडे डोळे काढून देऊ नयेत. लोक मागतात. नाही म्हणावे.

४. दुरुस्तीची हत्यारे ललिताला. तिला हात आहे. श्रावणला नाही. त्याने हे वाचून रागावू नये. त्याला गिऱ्हाइकाशी बोलता येते, मला कधी आले नाही.

५. कागद. हे कलम लिहिताना मी तीनदा उठून कपाट पाहून आलो.

जुने कॅमेरे जमवणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यापेक्षा कागद अधिक लागतो. कॅमेरा स्वतःबद्दल काही सांगत नाही. कोणत्या साली झाला, कोणत्या कारखान्यात, त्याचा कातडी भाता मूळचा की नंतर चढवलेला, हे कागद सांगतो. माझ्याकडे कारखान्यांच्या किंमत-याद्या, कॅमेऱ्यासोबत येणारी माहितीपत्रके, धारणीपासून नागपूरपर्यंतच्या लोकांनी शंका विचारलेली पत्रे आणि माझी सूचीची वही आहे. कोणत्या कॅमेऱ्याबद्दल कुठे छापून आले ते त्या वहीत आहे.

त्यांत मुख्य म्हणजे लंडनचे एक मासिक. त्यात जुन्या कॅमेऱ्यांवर दर महिन्याला चार पाने असतात. १९४७ पासून ते मी आणि अकोल्याचे शेषराव देवमन तायडे, मोजणी खाते, यांनी भागीत मागवले. अंक शेषरावांच्या पत्त्यावर येई. ते आधी वाचत आणि वाचलेल्या लेखाशेजारी पेन्सिलीने 'वाचले. शे.' असे लिहून तारीख घालत. मग बसच्या कंडक्टरच्या हाती अंक अमरावतीस येई. मी वाचून खाली 'वाचले. उ.' लिहीत असे. सम महिन्याचा अंक मी ठेवायचा, विषम महिन्याचा परत अकोल्याला जायचा. पुढेमागे भांडण नको म्हणून आम्ही ही वाटणी केली होती.

ऑगस्ट १९५६ पर्यंतचे अठ्ठावन्न अंक माझ्याकडे आहेत. १९५७ पासूनचे मी माझ्या नावाने मागवले, ते पूर्ण आहेत. पण पहिल्या दहा वर्षांतला माझ्या घरातला प्रत्येक लांब लेख 'पुढील अंकी' या शब्दांवर थांबतो.

पार्बताबाई म्हणते, "तुमी गेल्यावर ह्या कागदात मी शेंगदाणे बांधून इकीन." ती तसे करणार नाही. पण श्रावण रद्दीवाल्याशी बोलून ठेवील. म्हणून हे सर्व कागद

(हे वाक्य २ तारखेला पूर्ण झाले नाही.)

६. काचेच्या कपाटातला सागवानी कॅमेरा. पितळी पट्ट्यांचा, घडीचा, क्रमांक ३८७१. १९४६ साली सेमाडोहच्या विश्रामगृहातल्या सामानाच्या लिलावात मी तो घेतला. मासिकाच्या ऑगस्ट १९५६ च्या अंकात लिहून आले की चार हजारच्या आतल्या क्रमांकाचे कॅमेरे पहिल्या घडणीचे असून जगात पन्नासही उरलेले नाहीत. तेव्हापासून त्याने एकही फोटो काढलेला नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, पूजेसाठी तो बाहेर येतो.

हा कॅमेरा लंडनला पाठवून विकावा व त्यातून ललिताला दुकान घालून द्यावे. वर्णन बिनचूक पाहिजे असे वकिलांनी सांगितले. मी सप्टेंबरात मासिकाच्या शंका-विभागाला पत्र टाकले आहे. उत्तर यायचे आहे.

७. शेषराव तायडे यांना काही नाही.

हे कलम वकिलांना दाखवले. ते म्हणाले, "काही द्याचंच नाही त नाव कशाले घालता?" मी म्हणालो, राहू द्या. मग कारण लिहिणे भाग आहे.

१९५६ च्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी शेषराव माझ्याकडे आले. नागपूरला दीक्षेसाठी निघाले होते. आई जाईबाई सोबत जाणार होत्या. अकोल्याहून जाताना वाट वाकडी करून ते माझ्या घरी आले होते, कॅमेऱ्यासाठी.

"दोन दिवसांसाठी दे. माय म्हणून राहिली, एक फोटो पाह्यजे. अन् तिथंच पाह्यजे."

मी ऑगस्टचा अंक त्यांच्यापुढे ठेवला. "वाचलंस ना? असे पन्नास उरले नाहीत. तिथे लाखो माणसं येतील. धूळ, धक्के. शिवाय दसरा आहे, यंत्राची पूजा आहे."

"लाखो येतात म्हणूनच त पाह्यजे."

"काही झालं तर?"

शेषरावांनी कपातला चहा तसाच ठेवला. "तुले कॅमेऱ्याची कीव येते, उत्तमभाऊ. मानसाची नाही येत."

माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, ते असे बोलले. ही माझी तक्रार आहे. दहा वर्षे मी ती सांभाळली आहे.

दुकानात त्या दिवशी आणखी चार कॅमेरे होते. त्यांतला एकही मी पुढे केला नाही. हे मला कोणी विचारलेले नाही. लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात कंडक्टर सप्टेंबरचा अंक घेऊन आला. सुतळीने बांधलेला. मी दारातच उभा होतो. म्हणालो, परत घेऊन जा.

"त्याइले काय सांगू?"

"सांग, उत्तमराव घरी नाहीत."

त्याने पुडके पुन्हा काखेत धरले. मग गेला. त्यानंतर अंक आला नाही. जाईबाई त्याच हिवाळ्यात, जानेवारीत वारल्या. मला मार्चमध्ये कळले. मी गेलो नाही.

८. दिनांक ८ नोव्हेंबरला लंडनचे उत्तर आले. एका ओळीचे कार्ड आहे: याविषयी आमचा सप्टेंबर १९५६ चा अंक पाहावा.

तो अंक माझ्याकडे नाही. मी मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला तार केली. त्याच्याकडे दहा वर्षांपूर्वीचे काही नाही. वकील म्हणाले, कलम सहा मोघम लिहा, चालते. मला चालत नाही. दिवाळीची गर्दी आहे, माणसे कुटुंबासह येऊन बसतात, मी काळ्या कापडाखाली जातो आणि ते कार्ड आठवते. काल एका घरच्यांना मी हलू नका म्हणालो आणि मीच हललो. काचपट्टी वाया गेली.

सप्टेंबरचा अंक एकाच घरात आहे, हे मला आठ तारखेलाच माहीत होते.

९. दिनांक १३ नोव्हेंबर, पाडवा. सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. पार्बताबाई ओवाळायचे ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "पाडव्याच्या दिवशी बायकोले टाकून कोनी जाते का? काहून चालले?" मी म्हणालो, एक अंक वाचायचा आहे. तिने ताट खाली ठेवले आणि म्हणाली, "दहा वर्षं झाले. जा."

शेषरावांनीच दार उघडले. केस पांढरे झाले आहेत. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "शेषराव घरी नाही."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. मग ते म्हणाले, "ये. पानी घे. जिना चढल्यासारखा धापा टाकून राहिला."

मी कार्ड दाखवले. त्यांनी आत जाऊन पुडके आणले. सुतळी तीच होती. गाठ तीच. कंडक्टरने परत आणून दिले तसे त्यांनी ते ठेवले होते. माझ्यापुढे टाकले. "सोड. तुह्यासाठीच बांधलं होतं."

दुरुस्ती शेवटच्या पानावर होती, आठ ओळींची. कारखान्याने १९२० नंतर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले. पहिल्या घडणीचा क्रमांक लाकडात कोरलेला असतो. पितळेवर असेल तर कॅमेरा नंतरचा, हजारोंनी निघालेला. गेल्या अंकातल्या चुकीबद्दल संपादक दिलगीर आहेत.

माझ्या कॅमेऱ्याचा क्रमांक पितळेवर आहे.

शेजारी पेन्सिलीने होते: वाचले. शे. ११ नोव्हेंबर ५६. आणि पानात एक चिठ्ठी. ती मी सोबत जोडली आहे, पण शाई उडत चालली आहे म्हणून इथे उतरवतो.

'उत्तमभाऊ, तुहा कॅमेरा साधा निघाला. आता भेव नाही. घेऊन ये. नागपूरचं राहून गेलं, मायचा फोटो घरीच काढू. ती वाट पाहून राहिली.'

तारीख पुन्हा पाहिली. जाईबाई त्यानंतर दोन महिने जिवंत होत्या.

मी विचारले, "सांगायला का आला नाहीस?"

"तू घरी नव्हता ना."

शेषरावांनी पेन्सिल पुढे केली. "वाचलं त लिही." मी त्यांच्या अक्षराखाली लिहिले: वाचले. उ. १३ नोव्हेंबर ६६. पेन्सिलीचे टोक मोडले. त्यांनी चाकूने ती तासून दिली आणि मी सही पूर्ण केली.

त्यांनी मला माफ केले असे मी लिहीत नाही. त्यांनी तसे म्हटले नाही आणि मी मागितले नाही.

१०. कलम सहा रद्द. कलम सात रद्द. वकील म्हणतात, साफ नक्कल करा, खाडाखोड बरी दिसत नाही. नक्कल करणार नाही. चूक जिथे छापली गेली तिथेच ती वाचणाऱ्याला दिसावी.

११. सागवानी कॅमेरा ललिताकडे राहील, विकायचा नाही. मात्र काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. जो कोणी मागेल त्याला द्यावा. लग्नाला, जत्रेला, सभेला, शेतात. अनामत घेऊ नये, पावती मागू नये, धुळीची गोष्ट काढू नये. मागणाऱ्याला वापरता येत नसेल तर ललिताने सोबत जावे. दसऱ्याच्या दिवशी कोणी मागितला तर पूजेतून उचलून द्यावा. परत आला नाही तर शोधायला जाऊ नये. तिच्या दुकानासाठी स्टुडिओतला पुढचा गाळा श्रावणने द्यावा. त्याने मान्य केले आहे, कुरकुरत.

१२. एक फोटो. तो काढला गेला नाही. शेषरावांना विचारून त्याची नोंद करतो, कारण दुसरे काही करता येत नाही.

नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६, सकाळ. जाईबाई देवमन तायडे, उभ्या. पांढरे लुगडे, नवे, घडीच्या रेषा दिसत असलेले. अनवाणी, चपला हातात, कारण गर्दीत एक हरवेल अशी भीती. ऊन डावीकडून. मागे माणसे, शेवट दिसत नाही. हसत नव्हत्या. शेषराव म्हणाले, "हसत नव्हती, पन ताठ होती. मी तिले तशी कधी पाहिली नव्हती." हे मी ऐकून लिहिले आहे. पाहिलेले नाही. नोंद सूचीच्या वहीत पहिल्या पानावर उतरवावी.

१३. कागद. कलम पाचचे अपुरे वाक्य असे पूर्ण करतो. मी माझे अठ्ठावन्न अंक शेषरावांना द्यायचे ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, "मले कशाले? मी बासष्टचा, तू एकसष्टचा. दोघंय रांगेत उभे हाओत. पोरीले दे." आणि कॉटखालून आपली ट्रंक ओढली. त्यात एकोणसाठ विषम अंक होते. बसच्या टपावर ती ट्रंक मूर्तिजापूरपर्यंत हलत राहिली, मी दर थांब्याला उतरून पाहत होतो.

सर्व एकशे सतरा अंक आता महिन्यांच्या क्रमाने लावले आहेत. ते, पुढचे अंक, किंमत-याद्या, पत्रे व सूची ललिताला. अटी दोन. पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत. आणि कोणी जुन्या कॅमेऱ्याबद्दल विचारायला आला तर त्याला काहीही सांगण्याआधी पुढचा अंक उघडून पाहावा.

१४. साक्ष. वकिलांनी समजावले की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. शेषरावांना या कागदाने काही मिळत नाही, तेव्हा अडचण नाही. त्यांना कार्ड टाकले. आज ते आले आहेत. पार्बताबाईने चहा ठेवला, आणि त्यांनी तो संपवला.

वकील त्यांना म्हणाले, "साक्षीदारानं मजकूर वाचाची गरज नसते. यायनं सही केली हे पाहिलं की झालं."

शेषराव म्हणाले, "वाचल्याबिगर मी कशालेच हात नाही लावत. याले माहीत हाये." आणि चष्मा काढून पुसला.

ते वाचत आहेत. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून हे शेवटचे लिहीत आहे. त्यांचे संपले की हे पानही त्यांच्याकडे देईन, आणि मग सर्वांसमक्ष सही करीन.

ठिकाण: अमरावती
दिनांक: २० नोव्हेंबर १९६६

लिहून ठेवणार: उत्तमराव सखाराम निंभोरकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. सहदेव काळमेघ, वकील, अमरावती
२. शेषराव देवमन तायडे, मोजणी खाते (निवृत्त), अकोला

(समासात, कलम बाराशेजारी, पेन्सिलीने)
वाचले. शे. २० नोव्हेंबर ६६. चपला डाव्या हातात होत्या.