झिरा उकरणाऱ्यानं शेवटी प्यायचं

अण्णा, तुम्ही जन्मभर वाळूखालचं पाणी शोधलंत, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. गेल्या महिन्यात मी आफ्रिकेत जाऊन आलो. धाकटीचा नवरा बोट्स्वाना नावाच्या देशात शाळेत गणित शिकवतो. त्यांच्याकडे गेलो, तर लेकीनं हट्टानं दोन दिवस ओकावांगो नदीवर नेलं. ही नदी समुद्राला मिळत नाही. लांबच्या मुलखातला पाऊस घेऊन येते, असंख्य फाट्यांनी कोरड्या रानात पसरते आणि तिथेच वाळूत जिरून जाते. लेकीनं नकाशावर बोट फिरवून दाखवलं तेव्हा मला आपली माणगंगाच आठवली, आणि तिच्या पात्रात मी तुमच्याशी केलेली लबाडीही. ती सांगायची म्हणूनच कागद पुढे घेतला आहे. पण आधी तिकडचं सांगतो.

आम्ही उतरलो ते ठिकाण म्हणजे लाकडी फळ्यांच्या ओट्यांवर उभे केलेले दहा-बारा तंबू. एकही झाड तोडलेलं नाही. ओट्याला भोक ठेवून झाडाला तसंच वर जाऊ दिलं आहे. दिवे उन्हाच्या विजेवर चालतात, कचरा होडीतून परत नेतात. माणसं निघून गेली तर रानाला पत्ता लागू नये, अशी सगळी बांधणी. अंघोळीला वर टांगलेली बादली, तिला खालून चाळणी, आणि आरशाशेजारी पाटी: पाणी जपून वापरा. चहूकडे पाणी आणि ही पाटी. मला हसू आलं आणि लगेच तुम्ही आठवलात. विहिरीवर मी तिसरा तांब्या अंगावर घेतला की तुम्ही ओरडायचात, "आरं, म्हशीगत काय डुंबतुयास? दोन तांबे लय झालं." मी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली. बादली न्यायला आलेल्या बाईनं आत डोकावून पाहिलं आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, ती विचारतेय, पाणी फार गार होतं का?" मी म्हटलं, "तिला सांग, आम्ही दुष्काळी म्हसवडकडचे." लेकीनं ते कसं सांगितलं कोण जाणे, बाई मात्र बादली घेऊन जाताना हसतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच वयाच्या एका नावाड्यानं आम्हाला अरुंद होडीतून नेलं. पूर्वी तिथे अख्खं खोड कोरून होडी करत. आता झाडं वाचावीत म्हणून तशाच आकाराची फायबरची करतात. तो मागे उभा राहून लांब काठीनं होडी रेटतो, बोलतो कमी. लव्हाळ्यातून बाहेर पडल्यावर होडी काठाला लावून त्यानं आम्हाला थोडं चालवलं. तिकडच्या फाट्याला अजून पूर पोचला नव्हता, नुसती वाळू होती. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. समोर एक हत्तीण पुढच्या पायानं वाळू उकरते आहे. थोडी उकरते, सोंडेनं गढूळ पाणी बाजूला फेकते, मग नुसती उभी राहते. अण्णा, ती झिरा उकरत होती. तुमच्यासारखीच, घाई न करता, पाणी निवळू देऊन. निवळल्यावर आधी ती स्वतः पोटभर प्यायली, मग तिचं पिल्लू. ती गेल्यावर रानडुकरं आली, मग पाखरं. नावाडी हळूच काही बोलला. लेकीनं सांगितलं, "तो म्हणतो, पहिला मान खणणाऱ्याचा." मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "बाबा, ऊन लागलं का?" मी हो म्हटलं.

तुमचा नियम याच्या उलटा होता. झिरा उकरणाऱ्यानं पाण्याला हात जोडायचे आणि सगळ्यांच्या शेवटी प्यायचं. लहानपणी मी एकदा आधी ओंजळ भरली, तर ती तुम्ही सांडून टाकलीत आणि घरापर्यंत मला तसंच तहानलेलं चालवलंत. बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही गेलात. "मला कृष्णेला नेऊ नगा, हितल्याच पाण्यात सोडा," असं सांगून ठेवलं होतंत, आणि इथे तर पाणीच नव्हतं. मी नोकरीच्या गावाहून, सांगलीहून आलो होतो. तिसऱ्या दिवशी तुमची रक्षा घेऊन सगळे नदीवर गेलो. माणसं काठावरच्या बाभळीखाली टेकली, तुमची बहीण, आमची आत्ती, गाडगं मांडीवर घेऊन बसली. लेकानंच उकरायचं म्हणून पात्रात मी एकटा. कमरेइतकं खाली गेल्यावर तळाशी पाणी पाझरू लागलं. मी वर पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. हात न जोडता, निवळू न देता मी दोन ओंजळी प्यालो, आणि मग हाक मारली. सगळे पिऊन झाल्यावर आत्तीनं विचारलं, "तू पिलास का रं?" मी म्हटलं, "न्हाई आत्ती, मी आता शेवटी." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बापाचा ल्योक शोभतुयास." मग त्याच झिऱ्यात तुम्हाला सोडलं आणि वर वाळू ओढली. आत्ती ही गोष्ट मरेपर्यंत चार माणसांत सांगायची. मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गावच्या नाथाच्या देवळात मी हे कितीदा तरी सांगितलं आहे. देव ऐकून घेतो. त्यानं माझी ओंजळ कधी सांडली नव्हती, म्हणून त्याला सांगणं सोपं जातं. परत येताना विमानात मी त्या हत्तिणीची साक्ष मनात जुळवत होतो, की उकरणाऱ्यानं आधी प्यायलं तर चालतं, मी पाहून आलोय. पण तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. "तू काय हत्ती हायस व्हय रं?" हा कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतो. तिथून पुढे तो कुठे जायचा नाही. आणि लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. वर दोन ओंजळी लिहिल्या आहेत. तहान दोनांतच भागली होती. तरी मी तिसरी भरून घेतली, अण्णा. पाणी गोड होतं.