वद्यातला पाऊण तास

पुणे, ११ जानेवारी २०२५

ती. श्यामलाआत्यास,
क्षिप्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला कारण राग आहे. भरतीची वेळ सांगणाऱ्या ॲपची सगळी चित्रं मी काढली, हे तुला माहीत आहे. अक्षरं, बटणं, तिथीवरून वेळ काढायची तुझी रीतसुद्धा त्यात होती. माझ्या वर्गातल्या ऋत्विकने त्याचा कोड लिहिला आणि गेल्या शनिवारी परीक्षकांपुढे सगळं एकट्याचं म्हणून मांडलं. मी उठून बोलले, तर सर म्हणाले की चित्रं कुणीही काढतं, काम त्याचं ज्याने ते चालवून दाखवलं. वर्ग हसला. ऋत्विकही हसला.

म्हणून मी आता कोड शिकतेय. विद्येसाठी नाही, सूडासाठी. एक कंस मिटायचा राहिला म्हणून काल यंत्र चार तास रुसून बसलं. चित्रात रेघ जरा चुकली तर बघणाऱ्याचा डोळा सांभाळून घेतो. इथे कुणी काही सांभाळून घेत नाही. मलाही आता तसंच व्हायचंय. बाबांना सांगू नकोस, ते समजूत घालायला धावतील.

तुझ्या लोभाची धनी,
क्षिप्रा

श्रीवर्धन, १९ जानेवारी

चि. क्षिप्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांगत नाही. आमच्या भावाने क्षमेचं अन्नछत्र उघडलंय, येईल त्याला वाढतो. चोराला क्षमा करणं म्हणजे त्याला पुढच्या घराचा पत्ता देणं, हे मी इथल्या बाजारपेठेत तीस वर्षं ओरडून सांगितलं. तेव्हा सूड घे, पण शिकून घे. वाडीत सुपारी सोलायला बसलीस तेव्हा पहिल्या दिवशी बोट कापून घेतलंस आणि आठव्या दिवशी सोलण्यात मुरलेल्या नीराबाईच्या बरोबरीने सोलत होतीस. कंसाचंही तसंच होईल.

एक विचारते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तू चित्रात लिहिलंस. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं, हे लिहिलंस का? आपल्याकडे ते कुणी लिहीत नाही, पाळण्यातलं पोरही जाणतं. ऋत्विकच्या पाळण्याशी कुणी तिथी म्हटली असेल असं वाटत नाही.

जेवत जा. उपाशी माणसाचा नेम चुकतो. माझे आशीर्वाद आहेतच, राग तेवढा तू टिकव.

तुझी आत्या

पुणे, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

नव्हतं लिहिलं! ऋत्विकचा कोड वर्गाच्या सामाईक फोल्डरमध्ये आहे. महिन्यापूर्वी तो मला मुंग्यांची रांग वाटायचा, आज ओळीओळीने वाचला. पौर्णिमेनंतर तो सोळा, सतरा असा थेट तीसपर्यंत मोजत जातो. शुद्ध पक्षात सगळं बरोबर, वद्यात रोज पाऊण तास आधीची वेळ. परीक्षेला शुद्ध पंचमी होती, म्हणून निभावलं.

आता ऐक. २१ तारखेला सर त्याला थळच्या धक्क्यावर नेणार आहेत, कोळ्यांना ॲप दाखवायला. त्या दिवशी वद्य अष्टमी. भरती सहाला, त्याचं ॲप सव्वापाच सांगेल. तिथल्या तुझ्या ओळखीच्या ठमाबाई कोळणीच्या अल्पेशसकट चौघांनी ते आधीच फोनवर घेतलंय. तेच त्याला सोलून काढतील आणि मी गर्दीत उभी राहून बघेन. तोवर मी गप्प. तूही गप्प.

लोभ आहेच, आता गुपितही राख.

क्षिप्रा

श्रीवर्धन, १३ फेब्रुवारी

चि. क्षिप्रास आशीर्वाद.

मी गप्प बसले नाही. काल पौर्णिमा झाली. पत्र वाचल्याबरोबर ठमाबाईला फोन लावला, आणि मी फोन उचलते म्हणजे काय ते तू समज. थळला बोटी आत घेतात तिथे खडक आहेत. अल्पेश ॲप बघून पाऊण तास आधी भरली बोट आत घालेल. पाणी पुरेसं चढलेलं नसलं, तर तळ त्याच्या बोटीचा फुटेल. ऋत्विकचं काय फुटणार? वैऱ्याचं घर जाळायला शेजाऱ्याचं गवत वापरायचं नसतं.

वद्यात फोनवर विसंबू नका, एवढंच सांगितलं. ठमाबाई म्हणाली, तिथी मोजायला माझ्या हाताला बोटं हायत तवर मला फोन नको, पण पोरांना बजावते. चूक कुणाची ते मी बोलले नाही. तो दिवस तुझाच ठेवलाय.

मात्र अर्धी चूक तुझी आहे. ती त्याच्या अंगावर टाकून निसटू नकोस. गर्दीत लपायला मी तुला शिकवलेलं नाही.

रागावले तरी तुझीच,
आत्या

थळ, २१ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्रावर दोन दिवस धुमसत होते. मग कोडच्या दोन ओळी लिहिल्या. तिथी पंधराच्या वर गेली की पंधरा वजा करायच्या. त्या पहिल्या फटक्यात चालल्या. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, मीच वाजवल्या.

आज धक्क्यावर ऋत्विकने फोन उंच धरून सव्वापाच सांगितले. ठमाबाई पाण्याकडे बघत म्हणाली, दर्याला तुझा फोन लागला न्हाय वाटतं. सगळा धक्का हसला. अल्पेश मात्र हसला नाही. आमची बोट खडकावर घालायला निघालेलास काय, म्हणत तो अंगावरच गेला. तेव्हा ऋत्विक सरांकडे वळून ओरडला की मोजणी माझी नाहीच, क्षिप्राच्या चित्रात होती तशी उतरवली. अक्षरं, बटणं, सगळं तिचंच आहे, तिला विचारा.

आत्या, हेच मला त्याच्या तोंडून हवं होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, हो, ओळ माझ्याकडून राहिली. याने चित्रांबरोबर माझी चूकही उचलली. मग सरांसमोर माझ्या दोन ओळी त्याच्या कोडात घातल्या. ॲप सहा म्हणालं. सहाला पाणी चढायचं थांबलं.

नावं बदलतो, सर पुटपुटले. मी सांगितलं, चित्रं क्षिप्राची, कोड दोघांचा, चूक दोघांची, असं पहिल्याच पानावर येऊ दे. ऋत्विक हळूच म्हणाला, चूक नको ना लिहूस. ती सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आलीय. अक्षरं मीच काढली.

तुझा लोभ हवा, आणि असाच राग अधूनमधून.

तुझी,
क्षिप्रा